हंबर की क्रेडिट? टोरोंटोजवळच्या सॅमनसाठी नदी निवडताना

सप्टेंबरमध्ये एखादा दमदार पाऊस झाला की ऑन्टारियो सरोवरातील चिनूक सॅमन नद्यांमध्ये चढू लागतात. चढणीचे मासे पाहिलेल्या कोकणी माणसाला हे दृश्य परके वाटणार नाही. फरक इतकाच की येथे एकेक मासा दहा किलोपर्यंत भरतो आणि अंडी घातल्यावर नदीतच मरतो. परवाना काढून झाला असेल, तर प्रश्न उरतो तो हंबरवर जावे की क्रेडिटवर. मी दोन्ही नद्यांवर काही हंगाम काढले आहेत.

सोयीच्या बाबतीत हंबर निर्विवाद सरस आहे. भुयारी रेल्वेने ओल्ड मिल स्थानकावर उतरावे आणि काही मिनिटांत पाण्याशी पोहोचावे. तेथील बंधाऱ्यावर उड्या घेणारे मासे पाहण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे येतात, त्यामुळे मुलांना सोबत न्यायचे असेल तर हाच काठ बरा.

परंतु ज्या बंधाऱ्यामुळे हे दृश्य दिसते, त्याच्याचमुळे माझे मन या नदीवरून उडाले. वाट अडली की खालच्या डोहांत मासे एकमेकांना खेटून थांबतात. बंधाऱ्यालगतची मासेमारीस मनाई असलेली हद्द सोडून बरेच खाली उभे राहिले, तरी आमिष म्हणून गळाला लावलेली गाबोळीची पुरचुंडी प्रवाहाबरोबर जात असताना दोरी माशांच्या अंगावरून घासते आणि गळ तोंडाऐवजी पाठीत किंवा शेपटीत रुततो. शेपटीत अडकलेला मासा प्रवाहाच्या दिशेने धावत सुटतो, शेजाऱ्यांच्या दोऱ्या गुंतवतो, वीस मिनिटे खांदा भरून आणतो आणि अखेर ताबडतोब सोडावा लागतो, कारण तोंडाखेरीज अन्यत्र गळ लागलेला मासा ठेवणे बेकायदेशीर आहे. एका शनिवारी माझ्या गळाला पाच मासे लागले. तोंडात गळ होता तो एकाच्याच. काही जण मुद्दाम असेच ओरबाडून मासे काढतात, आणि आपला गळ शेपटीत दिसला की बघणारा आपल्यालाही त्यांच्यातच मोजतो. मला तेच अधिक बोचले.

क्रेडिटवर, निदान मी उभा राहतो त्या मिसिसागातील एरिंडेल पार्कच्या पट्ट्यात, मासे विखुरलेले आढळतात. दोन-दोन तास काहीही लागत नाही, वळणाच्या बाहेरच्या अंगाचे खोल पाणी शोधत फिरावे लागते, आणि रविवारी उशिरा गेल्यास गाडी लावायला जागा मिळेलच असे नाही. मात्र जो मासा लागतो, तो बहुधा आमिष तोंडात घेऊनच लागतो. एक सावधगिरी हवी: या सरोवरातून एकोणिसाव्या शतकात नामशेष झालेला मूळचा अटलांटिक सॅमन परत आणण्याचा प्रकल्प 2006 पासून सुरू आहे आणि क्रेडिट ही त्यातील एक नदी आहे. त्याचे नियम वेगळे असल्याने हिरड्या पाहाव्यात. चिनूकच्या काळ्या असतात.

कालवणाचा विचार असेल, तर दोन्ही नद्या सारख्याच निराशाजनक आहेत. नदीत वर चढलेल्या माशाचे मांस फिके व मऊ पडते. त्यासाठी ऑगस्टमध्ये पोर्ट क्रेडिटला, क्रेडिट नदीच्या मुखाशी, मासा अजून रुपेरी असतानाच, प्रयत्न करावा.

गाडी नसेल तर हंबर टाळण्याचे कारण नाही, फक्त आठवड्याच्या मधल्या वारी आणि पहाटे जावे, आणि पुरचुंडी डोहाच्या मधोमध न टाकता कडेकडेने सोडावी. गाडी असेल तर मी एरिंडेलचा रस्ता सुचवीन.