एल्बो क्रचेस, मित्रमंडळी आणि देव: सात-आठ महिने वापरल्यानंतर

आधीच सांगते, हा कुठल्या एका कंपनीच्या कुबड्यांचा रिव्ह्यू नाहीये, सगळ्या साधारण सारख्याच असतात. माझं नडगीचं हाड मोडलं, आत रॉड घातला, वर-खाली स्क्रू मारले, आणि तेव्हापासून आजपर्यंत मी ज्या ज्या गोष्टींना धरून उभी राहिले त्या सगळ्यांबद्दल हे आहे. त्यात ॲल्युमिनियमच्या नळ्या पण आल्या, मित्र पण आले आणि देव पण आला. अपघात कसा झाला ते लिहीत नाही. वळण, समोरून गाडी, बास. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते पहिल्यापासून सांगून सांगून तोंड दुखलंय, आणि ज्याच्या घरी आत्ता कोणीतरी पाय उशीवर ठेवून पडलंय त्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

वॉकरपासून सुरू करते. हॉस्पिटलमधून निघताना बऱ्याच जणांना तोच देतात आणि सुरुवातीला तोच बरा, कारण उभं राहिलं की गरगरतं, नुसतं बेडच्या कडेला पाय खाली सोडून बसलं तरी पाय जांभळट होतो आणि ठणकायला लागतो, अशा वेळी समोर चार पायांची वस्तू असलेली चांगली. पण अरुंद दारात तो अडकतो, जिन्यावर त्याचा उपयोग शून्य, आणि दोन्ही हात गुंतल्यामुळे पाण्याचा ग्लाससुद्धा इकडचा तिकडे नेता येत नाही. (क्रचेसवर पण नेता येत नाही म्हणा. गळ्यात अडकवायची पिशवी आणि घट्ट झाकणाची बाटली, यावर इलाज तेवढाच.)

मग काखेतल्या कुबड्या. कोणाकडे ना कोणाकडे पडलेल्या असतातच, मलाही एकाने आणून दिल्या. यांच्याबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा, वजन काखेवर टाकायचं नसतं, तळहातांवर टाकायचं असतं. वरची गादी आणि काख यांच्यात दोन-तीन बोटांची फट हवी, मूठ मनगटाच्या रेषेत, कोपर जरासं वाकलेलं. माणूस दमला की आपोआप काखेतून लोंबकळायला लागतो आणि तिथून हाताकडे जाणाऱ्या नसा दबतात, आधी मुंग्या येतात, मग बधिरपणा, आणि फारच झालं तर मनगट वर उचलता येत नाही. म्हणजे पाय बरा करता करता हात जायचा. माझ्या फिजिओने त्या बघितल्या बघितल्या सांगितलं, एल्बोवाल्या घ्या.

तर एल्बो क्रचेस. याच खरंतर हिरो. कोपराच्या खाली हाताला अडकणारा कफ (अर्धगोल कडं) असल्यामुळे दार उघडायला मूठ सोडली तरी क्रच धाडकन खाली पडत नाही, लोंबकळत राहतो, आणि खाली पडलेला क्रच उचलणं हे काय प्रकरण असतं ते ज्याने एका पायावर उभं राहून केलंय त्यालाच कळेल. उंची बटण दाबून कमीजास्त होते, बटण भोकातून पूर्ण बाहेर येऊन टक्क वाजलं पाहिजे, अर्धवट आलं तर वजन टाकल्यावर नळी सरकते. तोटे पण आहेत. तळहात मरणाचे दुखतात, साध्या प्लास्टिकच्या गोल मुठी असतील तर जास्तच, रुंद चपट्या मुठीच्या मिळाल्या तर त्याच घ्या, नाहीतर जिमचे ग्लोव्हज घाला. आणि खालचं रबर! त्याच्यावरच्या रेषा झिजून गुळगुळीत झाल्या की ओल्या फरशीवर ते काहीही धरत नाही. रबर सुटं मिळतं, बदलायला मिनिट लागतं, आणि तरी लोक तेच गुळगुळीत रबर घेऊन बाथरूममध्ये जातात. बाथरूममध्ये खुर्ची ठेवा आणि उभ्याने आंघोळ करायची हौस काही महिने बाजूला ठेवा.

आता जिना. चढताना चांगला पाय आधी, मग क्रचेस आणि दुखरा पाय. उतरताना उलटं, क्रचेस आणि दुखरा पाय आधी, मग चांगला. हे पाठ होतं, पण पहिल्यांदा वरून खाली बघताना पोटात जो गोळा येतो त्यावर पाठांतराचा काही इलाज नाही. तिथे माणूस लागतो. आणि माणसाने कुठे उभं राहायचं हे पण ठरलेलं असतं, चढताना मागे एक पायरी खाली, उतरताना पुढे, म्हणजे नेहमी खालच्या बाजूला, आणि दंड नाही धरायचा, कमरेचा पट्टा धरायचा. दंड धरला की क्रच हलवता येत नाही आणि दोघंही जातात. माझी एक मैत्रीण हे फिजिओकडून नीट शिकून आली. माझ्यापेक्षा चांगलीच बुटकी आहे, मी पडले असते तर तिच्यासकट गेले असते हे दोघींना माहीत होतं, तरी ती खाली उभी राहिली की माझा पाय उचलला जायचा आणि ती नसली की नाही.

मित्रांचा रिव्ह्यू सरसकट पाच स्टार देणार नाही, खोटं होईल. पहिल्या दोन आठवड्यांत खोलीत बसायला जागा नव्हती. "काही लागलं तर सांग" सगळे म्हणाले आणि मनापासूनच म्हणाले असतील, पण पडून असलेल्या माणसाला काय लागतंय हे ठरवून, कोणाला सांगायचं हे ठरवून, मग फोन करून मागायला जोर लागतो हो, तो कुठून आणायचा? जे उपयोगी पडले ते न विचारता एकेक काम उचलणारे. एकाने ठरावीक वार धरला आणि तेवढं केलं, यायचा, तास-दीड तास बसायचा, जायचा, महिन्यांनंतर सगळे आपापल्या आयुष्यात परत गेले तेव्हाही त्याचा वार चुकला नाही. एकीने इन्शुरन्सची सगळी कागदपत्रं स्वतःकडे घेतली, माझ्याकडून फक्त सह्या. एकजण माझ्यासमोर बसून स्वतःचं ऑफिसचं काम करायचा, बोलायचाच नाही फारसा, आणि मला तेच बरं वाटायचं.

आणि वजनकाट्याचा किस्सा. डॉक्टर एकदम पूर्ण वजन टाकू देत नाहीत (सगळ्यांचं सारखं नसतं, रॉड कसा बसलाय आणि हाड कसं मोडलंय त्यावर असतं, काहींना लवकर सांगतात). मला आधी नुसता पाय टेकवायला सांगितलं, नंतर म्हणाले वीस किलोपर्यंत टाका. आता वीस किलो म्हणजे किती हे पायाला कसं कळणार? त्यासाठी साधा वजनकाटा वापरतात, त्यावर दुखरा पाय, शेजारी तेवढ्याच उंचीच्या पाटावर चांगला पाय, आणि काटा वीसपर्यंत जाईल इतकंच दाबायचं, अंदाज बसेपर्यंत करत राहायचं. मला मान खाली घातली की तोल जायचा, म्हणून आमच्यातला एक जण फरशीवर पालथा पडून आकडे वाचायचा. "बारा, चौदा, सोळा, अगं बास बास, सव्वीस झाले!" मोठा माणूस, पोटावर पडून माझ्या अंगठ्याशी बोलतोय. अपघातानंतर मी खळखळून हसले ती पहिली वेळ बहुतेक तीच.

हाच मनुष्य पक्का नास्तिक आहे, हे पुढे येणाऱ्या भागासाठी सांगून ठेवते.

देवाबद्दल लिहायला जरा अवघड जातंय कारण तिकडे सरळ रेषेत काही झालं नाही. मी आधीपासून श्रद्धाळू, रोज प्रार्थना करणारी. अपघातानंतर जो तो म्हणायचा देवाने वाचवलं, आणि मला वाटायचं मग आपटलं कोणी? काही जण तर "यात त्याचं काहीतरी चांगलंच असेल" म्हणून जायचे आणि स्वतःच्या दोन पायांवर जिना उतरून जायचे. मी चिडले. काही आठवडे देवाशी सरळ अबोला धरला. कृपा करून कोणा अपघातग्रस्ताला कारणं पुरवू नका. कारण ज्याचं त्याला सापडलं तर सापडेल.

परत सुरू झालं ते व्यायामामुळे, हे ऐकायला विचित्र आहे. ऑपरेशननंतर हालचाल नसली की मांडीचा स्नायू इतक्या झपाट्याने उतरतो की काही आठवड्यांत दोन मांड्या दोन वेगळ्या माणसांच्या वाटतात. म्हणून गुडघा सरळ ठेवून मांडी आवळायची, पाच सेकंद धरायची, सोडायची. घोटा वर-खाली करायचा, टाच सरकवत गुडघा वाकवायचा. दिवसभर हेच. आकडे मोजून मोजून डोकं उठायचं. एक दिवस आकड्यांऐवजी सवयीने प्रार्थनेची एक ओळ तोंडात आली, आणि ती बरोबर पाच सेकंदांची निघाली. मग तेच चालू केलं, एक ओळ आवळून, एक ओळ सोडून. फिजिओला सांगितलं तर म्हणाल्या, चालेल की, फक्त दुखायला लागल्यावर घाईघाईत म्हणू नका. देवाशी बोलणं असं मागच्या दाराने परत चालू झालं, रुसवा न काढता.

आणि रात्र. ज्यांना हे झालंय त्यांना सांगायला नको, दिवसा माणसं असतात, रात्री तीनला गोळीचा असर उतरतो, कूस बदलता येत नाही आणि ब्रेकचा तो आवाज डोक्यात वाजायला लागतो. तेव्हा कोणाला उठवणार? त्या तासाला माझ्याकडे प्रार्थना होती. पाय दुखायचा थांबला नाही, पण मी एकटी नव्हते, इतकंच म्हणेन, यापेक्षा मोठा दावा नाही करणार.

पण इथेच एक महत्त्वाचं. महिना उलटला तरी स्वप्नं थांबेनात, गाडीत नुसतं बसायचं म्हटलं तरी घाम फुटायचा, तेव्हा डॉक्टरांनी काउन्सेलरकडे पाठवलं. अपघातानंतर सुरुवातीला असं बऱ्याच जणांना होतं आणि पुष्कळांचं आपोआप ओसरतं, पण महिन्याच्या पुढे तसंच राहिलं तर दाखवायचं असतं. ओळखीतल्या एका बाई म्हणाल्या, श्रद्धा आहे ना तुझी, मग कशाला हवंय ते? अहो, हाड मोडलं तेव्हा रॉड घातलाच ना, तेव्हा नाही म्हणालात नुसती प्रार्थना कर. झोप मोडली तर तिलाही डॉक्टर लागतो. मी गेले, फायदा झाला, आणि प्रार्थना पण चालूच राहिली, दोघांचं काही भांडण झालं नाही.

पोटरीचं मात्र विसरू नका. पडून राहिलेल्या पायात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं, म्हणून ते घोटा हलवणं आणि डॉक्टरांनी दिली असतील तर रक्त पातळ करायची औषधं, दोन्ही मनाने बंद करायचं नाही. एका संध्याकाळी त्या ठरावीक वारवाल्याच्या लक्षात आलं की पोटरी सकाळच्या फोटोपेक्षा जास्त सुजलीये, हात लावला तर गरम. मी उद्या बघू म्हणत होते, तो ऐकेना, तसाच उचलून घेऊन गेला. डॉपलर (शिरांमधला रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) केली, गुठळी नव्हती. डॉक्टर म्हणाले आलात ते बरोबरच केलंत, हे बाहेरून बघून सांगता येत नाही. एकदम दम लागला किंवा छातीत दुखलं तर मात्र पोटरी बघत बसू नका, सरळ इमर्जन्सी.

हाडाला वेळ लागतो. काही आठवड्यांनंतरच्या एक्स-रेत मोडलेल्या जागेभोवती ढगासारखं पुसट काहीतरी दिसायला लागतं, ते नवीन हाड. नडगीचं हाड तसं संथच, चार ते सहा महिने सहज जातात, जखम उघडी असेल तर अजून जास्त. सिगारेटने हाड जुळायला उशीर होतो हे डॉक्टरांनी मला सांगितलं आणि माझ्या बाजूला बसलेल्या दोघांचे चेहरे पडले, मी ओढतच नाही. पण त्यांनी माझ्या खोलीत ओढणं बंद केलं.

आता एका काठीवर आहे. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरतात बरं का, उजवा पाय दुखत असेल तर डाव्या हातात, अर्धं जग उलटी धरतं. संध्याकाळपर्यंत घोट्याला अजून सूज येते. रॉड गुडघ्याच्या पुढच्या बाजूने आत घालतात त्यामुळे गुडघा टेकवला की कळ येते, बऱ्याच जणांना येते म्हणे, त्यामुळे माझी प्रार्थना सध्या खुर्चीत बसून चालते. नास्तिकाने त्यासाठी बरोबर उंचीची खुर्ची शोधून आणली, कारण कमी उंचीच्या खुर्चीतून उठताना मी करत असलेला आवाज त्याला ऐकवत नाही म्हणे.

घ्यायच्याच असतील तर: एल्बो क्रचेस, रुंद मुठीच्या, रबराचा एक जास्तीचा जोड सोबत. वॉकर थोड्या दिवसांसाठी लागतो, भाड्याने किंवा मागून आणा. माझ्या क्रचेस मी पुढच्या गरजूकडे दिल्यात, रबर नवीन लावून. त्याच्या उंचीला त्या सेट करायला मी स्वतः गेले होते, दोन्ही बाजूंची भोकं मोजून, कारण त्याच्या भावाने एक बाजू एक भोक खाली लावली होती आणि तो बिचारा दोन दिवस वाकडा चालत होता.