४-१६×४४ रायफल स्कोप: कायोटीच्या शिकारीत काढलेल्या हिवाळ्यानंतर

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या माणसाला पुढचं वाचायला नको. या स्कोपची, म्हणजे चार ते सोळा पट मोठं दाखवणाऱ्या, पुढे ४४ मिलिमीटरची काच असलेल्या नेमाच्या दुर्बिणीची, काच किमतीच्या मानाने फारच चांगली. आतली यंत्रणा पहिल्या नगात कडाक्याच्या थंडीत दगा देणारी, बदलून मिळालेल्या नगात अजून तरी ठीक. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. साडेतीनशे ते पाचशे डॉलरच्या पट्ट्यात याच मापाचे बरेच स्कोप मिळतात, आणि खाली लिहिलेल्या चाचण्या त्यातला कुठलाही घेतला तरी करून बघाव्यात असं माझं मत आहे.

वापर कुठे, ते सांगायला हवं. मी कोलोरॅडोत, फोर्ट कॉलिन्सच्या बाजूला राहतो. पूर्वेला तासाभराच्या अंतरावर पॉनी नॅशनल ग्रासलँड लागतं. सुमारे १ लाख ९३ हजार एकर सरकारी गवताळ माळ, पण सलग नाही. १९३०च्या दशकातल्या दुष्काळात आणि धुळीच्या वादळांत बुडालेल्या शेतकऱ्यांच्या जमिनी सरकारने घेतल्या, त्यामुळे नकाशावर सरकारी आणि खासगी तुकडे बुद्धिबळाच्या पटासारखे दिसतात. कुंपण बघून, नकाशा बघून पाय टाकावा लागतो. माझी बरीचशी शिकार शेजारच्या एका रँचवाल्याच्या जमिनीवर असते. हिवाळ्याच्या शेवटी त्याच्या गाई व्यायला लागतात, आणि नवजात वासरांभोवती कायोटी घुटमळलेले त्याला नको असतात.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: कायोटी आपल्याकडच्या कोल्ह्याहून मोठा, लांडग्याहून लहान. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, इथे परवाना काढून कायोटीची शिकार चालते. १ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला परवान्याआधी शिकार-सुरक्षेचा कोर्स पूर्ण करावा लागतो. शिकार करावी की नाही हा वाद घरातही होतो, जेवणाच्या ताटावरच होतो, तो इथे नको. आणि एच-वन-बी वर असलेल्यांनी बंदुकीच्या दुकानाची पायरी चढण्याआधी संघराज्याचा कायदा नीट वाचावा. बिगरस्थलांतरित व्हिसावर बंदूक बाळगायला मुळात बंदी आहे, शिकारीचा वैध परवाना हा त्यातला एक अपवाद. मी ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत थांबलो.

रायफल .२२३ रेमिंग्टन काडतुसाची, बोल्ट ॲक्शन (दर गोळीला हाताने खिट्टी ओढायची), गोळी ५५ ग्रेनची, म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅमची. ऑक्टोबरात उबदार दुपारी २०० यार्डांवर झिरो केली, म्हणजे नेम तिथेच गोळी पडेल असा स्कोप जुळवला. तेव्हा सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं. टरेटचे, म्हणजे नेम वरखाली-डावाउजवा सरकवायच्या गोल बटणांचे, क्लिक बोटाला स्पष्ट लागायचे, गोळ्या एकमेकींना चिकटून पडायच्या. पहाटेच्या उजेडात काच खरोखर सुरेख. सूर्य उगवायच्या आधी माळावर सगळं राखाडी असतं, त्यातही गवत कुठलं आणि कान कुठले हे कळायचं. हे महत्त्वाचं आहे, कारण या माळावर स्विफ्ट फॉक्सही असतो, मांजराएवढा, आणि लांबून अंतराचा अंदाज चुकला की तो कायोटी वाटू शकतो. ओळख पटल्याशिवाय ट्रिगरवर बोट नाही.

एक गोष्ट मात्र दुकानात कोणी सांगत नाही. सोळा पट या आकड्याला भुलू नका. पुढच्या काचेचा व्यास भागिले पट, म्हणजे डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या उजेडाच्या चकतीचं माप. सोळावर ते पावणेतीन मिलिमीटर, चारवर अकरा. पहाटे सोळावर चित्र काळवंडतं, शिवाय दृश्य इतकं अरुंद होतं की पळता कायोटी सापडतच नाही. मी स्टँडवर, म्हणजे दबा धरायच्या जागी, बसलो की पाच-सहावर ठेवतो. त्यातही गंमत अशी की थंडीत आतलं ग्रीस घट्ट होतं आणि झूमची रिंग जाड हातमोज्याने फिरत नाही. ती आधीच लावून बसायचं. रेटिकलच्या (काचेतल्या नेमाच्या रेघांच्या) दिव्याला नाण्याएवढा सीआर २०३२ सेल लागतो. तोही गारठ्यात मान टाकतो, म्हणून एक जादा सेल शर्टाच्या आतल्या खिशात.

आता मुख्य दुखणं. जानेवारीतला दिवस, सकाळी तापमान शून्य फॅरेनहाइटच्या आसपास, म्हणजे उणे अठरा सेल्सिअस. सोबत तो रँचवाला. गाडी टेकाडाआड लावली, दरवाजे न आपटता लोटले, आणि वारा तोंडावर घेऊन ओघळीच्या काठाला बसलो. भोंगा साठ पावलं पुढे, त्यावर सशाचा किंकाळण्याचा आवाज. कायोटी सरळ आवाजाकडे येत नाही, वळसा घालून वाऱ्याखालून वास घ्यायला जातो. हाही तसाच आला. उजवीकडून, मान खाली घालून, आणि १८० यार्डांवर बाजू देऊन थांबला. जिभेची वाफ दिसत होती, मानेवरच्या केसांत अडकलेली बर्फाची भुकटी दिसत होती. काचेला इतके गुण द्यायलाच हवेत. हिवाळ्यात लव दाट झाल्याने कायोटी असतो त्याहून बराच भरलेला दिसतो, नेम धरायची छातीची जागा प्रत्यक्षात जेमतेम तळहाताएवढी. बायपॉडवर, म्हणजे दोन पायांच्या टेकूवर, रायफल अगदी स्थिर होती. गोळी सुटली आणि बर्फ उडाला तो त्याच्या नाकाच्याही पुढे, डावीकडे. पुढच्या क्षणी तो ओघळीत गडप.

अशा वेळी माणूस वाऱ्याला दोष देतो, आणि पुष्कळदा ते बरोबरही असतं. पण वारा तोंडावर होता. थंडीत काडतुसातली दारू सावकाश जळते, गोळीचा वेग कमी होतो, हेही खरं, पण त्याने गोळी खाली जाते, आणि या अंतरावर तीही अगदी थोडी. डावीकडे कशी जाईल? रँचवाल्याने शांतपणे विचारलं, "कागदावर मारून बघायचं का?" त्याच्या जमिनीवरच एका खोलगट जागेत, मागे मातीचा उंच काठ बघून, १०० यार्डांवर खोक्याचा पुठ्ठा उभा केला. तिथे वारा जवळपास नव्हता. या अंतरावर ताशी दहा मैलांचा आडवा वारासुद्धा ५५ ग्रेनच्या गोळीला इंचभरच ढकलतो. पुठ्ठ्यावर सगळ्या गोळ्या तीन इंच डावीकडे, आणि एकाच ठिकाणी. म्हणजे रायफल नीट मारत होती, फक्त चुकीच्या जागी.

एमओए हे कोनाचं माप, एका अंशाचा साठावा भाग. पाव एमओएचा एक क्लिक म्हणजे १०० यार्डांवर पाव इंच. तीन इंचांसाठी बारा क्लिक उजवीकडे दिले. पुढची गोळी पुन्हा त्याच डाव्या भोकाशेजारी. जणू टरेटला हातच लावला नव्हता. त्यानंतरची गोळी एकदम उजवीकडे, हवी त्याच्याही पलीकडे. रँचवाला हसला, खिशातला चाकू काढला आणि चाकूच्या मुठीने टरेटवर दोन-तीन टिचक्या मारल्या. जुने शिकारी क्लिक दिल्यावर असं ठोकतातच. का, ते आता मला नीट समजलंय.

स्कोपच्या नळीच्या आत दुसरी बारीक नळी असते. टरेटचा स्क्रू तिला एका बाजूने ढकलतो, समोरून स्प्रिंग रेटून धरते. स्प्रिंग कमजोर असेल, किंवा गारठ्याने ग्रीस गोठल्यासारखं झालं असेल, तर स्क्रू मागे सरला तरी नळी जागची हलत नाही. मग गोळीच्या धक्क्याने, किंवा चाकूच्या टिचकीने, ती अचानक सरकते. तुम्ही क्लिक मोजत बसता, आणि आत काय चाललंय ते तिचं तिला ठाऊक.

पण एवढ्यावर स्कोपला फाशी देणं बरोबर नाही. अशा तक्रारींत कित्येकदा रिंगचे, म्हणजे स्कोप रायफलीवर धरणाऱ्या कड्यांचे, स्क्रू ढिले निघतात. घरी येऊन टॉर्क ड्रायव्हरने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पेचकसाने) सगळे तपासले. रिंगखालचा बेस घट्ट, रिंगचे स्क्रू सतरा इंच-पाउंडांवर, निर्मात्याने सांगितलेल्या मापात. नळीवर रिंगने दाबल्याच्या खुणा नाहीत. मग त्याच बेसवर माझा जुना, न बदलणारा सहा पटीचा स्कोप चढवला आणि तशाच एका गारठलेल्या सकाळी तीच काडतुसं मारली. झिरो जागच्या जागी. रायफल, बेस, काडतूस तिघंही सुटले.

राहिला स्कोप. इथे एक युक्ती लिहितो, ती बिनगोळीची आणि फुकटची आहे. गॅरेजमधल्या वर्कबेंचच्या शिकंज्यात एक जुनी पिकॅटिनी पट्टी (स्कोप बसवायची खाचांची पट्टी) घट्ट आवळली, समोरच्या भिंतीवर चौकटीचा कागद चिकटवला, आणि स्कोप पट्टीवर बसवून क्लिक देत रेटिकल कागदावर कसं सरकतं ते पाहिलं. उबदार असताना व्यवस्थित. मग स्कोप हवाबंद पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये, खवलेल्या नारळाच्या पाकिटांच्या शेजारी. बायकोने "हे आता इथेसुद्धा?" एवढंच विचारलं. सकाळी गॅरेज स्वतःच गोठलेलं होतं, त्यामुळे पिशवी उघडल्यावर काचेवर दव धरलं नाही. बारा क्लिक दिले, रेटिकल ढिम्म. पेचकसाच्या दांड्याने टिचकी मारली, टुणकन उडी. त्याचा व्हिडिओ काढून ठेवला.

व्हिडिओ काढला ते बरं झालं. कंपनीकडे स्कोप पाठवल्यावर तो तीन आठवड्यांनी "तपासला, मर्यादेत आहे" या चिठ्ठीसह परत आला. त्यांच्या उबदार खोलीत तो मर्यादेत असणारच! दुसऱ्यांदा व्हिडिओ जोडून पाठवला, तेव्हा कुरकुर न करता नवा नग आला. पाठवायचा खर्च दोन्ही वेळा माझ्या खिशातून. आयुष्यभराची हमी म्हणतात तिच्यात हे धरलेलं नसतं, आणि या सगळ्यात फेब्रुवारी गेला, जो जोडी जमण्याचा काळ असल्याने कायोटी हाकेला ओ देतात. तो महिना जुन्या सहा पटीच्या स्कोपवर काढला.

नवा नग येताच आधी फ्रीझर, मग उभ्या कागदाची चाचणी. १०० यार्डांवर उंच कागद ओळंब्याने सरळ लावायचा, खालच्या खुणेवर नेम धरून गोळी, मग ३० एमओए वर देऊन त्याच खुणेवर नेम. दोन भोकांतलं अंतर ३१.४ इंच यायला हवं. माझं ३१ला थोडं वर आलं, म्हणजे उत्तम. परत शून्यावर आणला तर पहिल्या भोकाला लागून.

धुरकटण्याबद्दल लोक फार विचारतात. आतून दोन्ही नग कधीच धुरकटले नाहीत, नायट्रोजन भरलेला आहे तो नीट भरलाय. बाहेरून मात्र कुठलाही स्कोप धुरकटतो. गार रायफल तापलेल्या गाडीत घेतली की काचेवर पाणी धरणारच, आणि पुढच्या स्टँडवर तेच पाणी गोठतं. आम्ही दिवसभर रायफली मागे, हीटरपासून लांब, पिशवीत ठेवतो. डोळ्याकडच्या काचेवर श्वास पडू नये म्हणून नाकावरचा रुमाल खाली बांधायचा.

घ्यावा का? स्कोप झिरो करून तसाच ठेवणाऱ्याने, अंतरानुसार रेटिकलवरच वरखाली धरणाऱ्याने, जरूर घ्यावा. प्रत्येक गोळीला टरेट फिरवणाऱ्याने थोडे पैसे साठवून वरच्या दर्जाचा बघावा. थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये हा ऐंशी-नव्वद डॉलरनी उतरतो. सोबत मिळणाऱ्या रिंग घेऊ नका, त्या पैशात सुट्या आणि चांगल्या येतात. काचेवरची झाकणं पहिल्याच महिन्यात बिजागरीतून तुटली, तीही वेगळी घ्यावी लागतील.