नवी म्हणून बसवलेली बॅटरी, आणि विंडोजच्या कमांड्सचा काही महिन्यांचा अनुभव

कमांड प्रॉम्प्ट कसा उघडायचा आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कसा चालवायचा हे तुम्हाला माहीत आहे असं धरते. गेल्या पावसाळ्यापासून घरचा डेस्कटॉप आणि माझा लॅपटॉप मी शक्य तितका या कमांड्सवरच सांभाळतेय. लिहायचं राहून जात होतं, पण बॅटरीवरून दुकानात जे झालं त्यानंतर राहवलं नाही.

लॅपटॉप तासाभरात मान टाकायला लागला म्हणून बॅटरी बदलून घेतली. 'ओरिजिनल आहे, नवी आहे' असं सांगून अठ्ठावीसशे रुपये घेतले. घरी आल्यावर 'पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट' चालवलं. त्या रिपोर्टात 'इन्स्टॉल्ड बॅटरीज' नावाचा तक्ता असतो, सगळं सार त्यात आहे. डिझाइन कपॅसिटी ४१,००० मिलीवॉट-तासांच्या आसपास, फुल चार्ज कपॅसिटी तीस हजारांच्याही खाली आणि सायकल काउंट २१४. नव्या बॅटरीचे चार्जिंगचे फेरे दोनशेच्या वर कसे असतील?

रिपोर्ट छापून दुकानात गेले. "मॅडम, सॉफ्टवेअर काहीही दाखवतं. दोनदा पूर्ण चार्ज करून उतरवा, आकडा सुधारेल." तेही केलं. फुल चार्जचा आकडा असा थोडाफार हलतो हे खरं आहे, कारण तो बॅटरीतल्या चिपचा अंदाज असतो. पण सायकल काउंट कमी होत नाही. तो विंडोज ठरवत नाही, बॅटरीच्या चिपमध्येच नोंदलेला असतो, विंडोज फक्त वाचून दाखवते. हेच त्यांना शांतपणे, पण काउंटरवर बाकीची गिऱ्हाइकं असताना सांगितलं. बॅटरी बदलून मिळाली. नवीचा काउंट तिथेच उभं राहून पाहिला, मगच निघाले.

माझ्या मते या एका कमांडसाठी बाकी सगळं शिकण्याचे कष्ट घ्यावेत. रिपोर्टात खाली 'बॅटरी कपॅसिटी हिस्टरी' असते. विंडोज टाकल्यापासून बॅटरीची क्षमता कशी घसरत गेली ते त्यात दिसतं, त्यामुळे बॅटरी खरंच गेलीय की दुकानदार उगाच बदलायला लावतोय ते कळतं. सिरियल नंबरही येतो, तो बॅटरीवरच्या स्टिकरशी ताडून बघा. काही लॅपटॉपमध्ये सायकल काउंटच्या जागी नुसती रेघ येते. तिथे डिझाइन आणि फुल चार्ज या दोन आकड्यांतल्या फरकावरच भागवावं लागतं. आणखी एक वैताग म्हणजे, ॲडमिन म्हणून चालवलं की फाइल थेट सिस्टीम३२ फोल्डरात जाऊन बसते आणि माणूस डेस्कटॉपवर शोधत राहतो. या कमांडला ॲडमिनची गरजच नाही, साधाच प्रॉम्प्ट उघडा.

डेस्कटॉपची कथा वेगळी. पावसाळ्यात आमच्याकडे वीज सारखी ये-जा करते, त्यात तो मधेच बंद पडून पडून स्टार्ट मेनूच उघडेना. दुरुस्तीवाल्याने फोनवरच 'फॉरमॅट मारावा लागेल' असं सांगितलं. सुरुवातीला माझं मत होतं की 'एसएफसी /स्कॅननाऊ' एवढं पुरतं. आता ते बदललंय. एसएफसी खराब झालेल्या सिस्टीम फाइलच्या जागी चांगली प्रत टाकते, पण ती प्रत जिथून घेते तो साठाच बिघडला असेल तर काय करणार? म्हणून आधी तो साठा दुरुस्त करणारं 'डिझम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ' आणि मग एसएफसी, हाच क्रम ठेवा. मायक्रोसॉफ्टही हाच सांगते. डिझम लागणाऱ्या फाइली विंडोज अपडेटवरून ओढते, तेव्हा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवत असाल तर डेटाकडे लक्ष असू द्या. टक्केवारी ६२.३ वर बराच वेळ अडकून राहते. कमांडची खिडकी बंद करू नका, काम चालू असतं. आमचा स्टार्ट मेनू परत आला, फॉरमॅटचे पैसे वाचले आणि मुख्य म्हणजे आईंचे फोटो जागच्या जागी राहिले.

डिस्क तपासणाऱ्या चेकडिस्कबद्दल (टाइप करताना chkdsk) मात्र मी सावध झालेय. नुसतं 'चेकडिस्क सी:' चालवलं तर ते फक्त तपासतं, काही बदलत नाही. '/एफ' दिलं की दुरुस्ती करतं, पण सी ड्राइव्ह वापरात असल्यामुळे पुढच्या रीस्टार्टला चालवू का असं विचारतं. '/आर' सगळी डिस्क वाचून खराब सेक्टर शोधतं. आमच्या एक टीबीच्या जुन्या हार्ड डिस्कवर ते रात्रभर चाललं. जी डिस्क आधीच कुरकुरतेय तिच्यावर '/आर' चालवण्याआधी बॅकअप घ्याच, कारण एवढं सलग वाचन मरणपंथाला लागलेल्या डिस्कला झेपेलच असं नाही. सकाळी निकाल स्क्रीनवर नसतो. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ॲप्लिकेशन लॉगमध्ये 'विनइनिट' नावाखाली सापडतो. 'बॅड सेक्टर्स' पुढे शून्य नसेल तर नव्या डिस्कची तरतूद करा. आमच्याकडे शून्य नव्हतं, आता एसएसडी बसवलीय.

साठवलेले वेबसाइटचे पत्ते पुसणारं 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस', अडकलेला प्रोग्रॅम बंद करणारं 'टास्ककिल' वगैरे रोजच्या वापरातलं आहे, त्यावर वेगळं काय लिहायचं?

पण डिस्कचे भाग पाडणाऱ्या 'डिस्कपार्ट'पासून लांब राहा. त्यातलं 'क्लीन' हे 'नक्की का?' असं एकदाही न विचारता निवडलेल्या डिस्कची सगळी विभागणी पुसून टाकतं. पेनड्राइव्ह समजून चुकीचा डिस्क नंबर निवडला की संपलं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या कमांड्स समजून घेतल्याशिवाय चिकटवू नका, हे मी घरातल्या प्रत्येकाला बजावलंय.

आता पुतणीला कॉलेजसाठी वापरलेला लॅपटॉप बघायचाय, लॅमिंग्टन रोडला जाणार आहोत. पैसे देण्याआधी दुकानातच बॅटरी रिपोर्ट काढणार. मशीनची माहिती दाखवणाऱ्या 'सिस्टीमइन्फो' कमांडमधली इन्स्टॉलची तारीख बघून वय ठरवू नका, विंडोजचा मोठा अपडेट आला की ती बदलते. बायोसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची, तारीख त्यातल्या त्यात बरी. डिस्कसाठी पूर्वी 'डब्ल्यूएमआयसी' या जुन्या कमांडने स्टेटस बघता यायचं, पण विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून ते मुळात बंदच ठेवलेलं असतं. त्याऐवजी पॉवरशेल (कमांड प्रॉम्प्टसारखंच, विंडोजमध्येच असतं) ॲडमिन म्हणून उघडून 'गेट-फिजिकलडिस्क' आणि त्याला जोडून 'गेट-स्टोरेजरिलायबिलिटीकाउंटर' चालवा, एसएसडी किती झिजलीय ते 'वेअर'च्या रकान्यात येतं. दुकानदाराने पाच मिनिटं मशीन हातात द्यायला नकार दिला, तर पुढचं दुकान गाठायचं असं आमचं ठरलंय.