आखाजीची गाणी आणि कॅस्टोपॉड : सहा महिन्यांच्या वापरानंतर

दिवसा जळगावच्या बाजार समितीतील अडत्यांसाठी पट्टी आणि उधारीचे हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर लिहिणे हा माझा व्यवसाय आहे, आणि रात्री जेवण झाल्यावर सर्व्हरशी खेळत बसणे हा माझा छंद आहे. अमळनेर तालुक्यातील आमच्या गावी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून जी अहिराणी गाणी म्हणतात, ती मावशीच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून पॉडकास्ट म्हणून प्रसिद्ध करावीत, असे मी तीन वर्षांपूर्वी ठरवले. सुरुवातीला एका फुकट सेवेवर सगळे भाग चढवले. पुढे त्या सेवेने फुकट खाती गुंडाळली. ध्वनिमुद्रणे माझ्या संगणकावर होती, त्यामुळे ती वाचली. पण ज्या पत्त्यावर श्रोत्यांची अ‍ॅप नवा भाग शोधायला जात होती तो पत्ता त्या सेवेच्या मालकीचा होता आणि तोच बंद पडल्यामुळे जमवलेले सव्वाशे-दीडशे श्रोते एका रात्रीत तुटले. यापुढे पत्ता आपल्याच डोमेनवर हवा, एवढी एकच अट मनाशी ठेवून मी कॅस्टोपॉड या सॉफ्टवेअरकडे वळलो.

ही अट हट्टाची वाटेल, पण पॉडकास्टची रचनाच तशी आहे. पॉडकास्ट म्हणजे शेवटी एक आरएसएस फीड असते, म्हणजे भागांची यादी असलेली एक साधी मजकुराची फाइल. डेव्ह वायनर यांनी २००० च्या अखेरीस आरएसएसच्या ०.९२ या आवृत्तीत ‘एन्क्लोजर’ हा टॅग घातला. त्यात ध्वनिफाइलचा पत्ता, तिचा आकार बाइटमध्ये आणि तिचा प्रकार, एवढ्या तीनच गोष्टी असतात. ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द त्यानंतर तीन-चार वर्षांनी, २००४ मध्ये, ‘द गार्डियन’मधील एका लेखात बेन हॅमर्सली यांनी वापरला, आणि २००५ मध्ये अ‍ॅपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सूची आणली. ती सूची आजही ध्वनिफाइल स्वतःकडे ठेवत नाही, फक्त तुमच्या फीडकडे बोट दाखवते. त्यामुळे फीडचा पत्ता ज्याच्या हातात, त्याच्याच हातात श्रोते, हे गणित पंचवीस वर्षांत बदललेले नाही.

कॅस्टोपॉड हे असे फीड स्वतःच्या सर्व्हरवर तयार करणारे मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते अ‍ॅड ऑरेस या फ्रेंच कंपनीने तयार केले असून पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या कोडइग्नायटर या चौकटीवर बांधलेले आहे, आणि त्याचा परवाना अ‍ॅफेरो जीपीएल आहे. मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी यांपैकी एक डेटाबेस लागतो. झिप फाइल सर्व्हरवर उघडायची, डोमेन तिच्यातील ‘पब्लिक’ फोल्डरकडे वळवायचे आणि ब्राउझरमध्ये स्थापनेचे पान उघडून डेटाबेसची माहिती भरायची, की काम झाले. वर्डप्रेस बसवलेल्या कोणालाही यात नवे काही वाटणार नाही; मला चहा निवायच्या आत प्रशासनाचे पान दिसू लागले होते.

खरा वेळ गेला तो पहिला भाग चढवताना. एकतीस मिनिटांचा भाग मी मोनोमध्ये ६४ केबीपीएस दराने एमपी३ केला होता, म्हणजे फाइल १४.९ एमबीची होती. ‘जतन करा’ दाबल्यावर ४१३ क्रमांकाची त्रुटी आली. कारण सरळ होते : एनजिनएक्स हा वेब सर्व्हर मुळात १ एमबीपेक्षा मोठी विनंती स्वीकारत नाही. ती मर्यादा ६४ एमबी केली. आता त्रुटी गेली, पण संपूर्ण फॉर्म कोरा होऊन परत आला आणि भरलेले शीर्षक पुन्हा मागू लागला. मी तीन वेळा शीर्षक भरले आणि तिन्ही वेळा तेच झाले. पीएचपीच्या स्वतःच्या दोन मर्यादा असतात, एका फाइलसाठी २ एमबी आणि पूर्ण फॉर्मसाठी ८ एमबी. दुसरी ओलांडली की पीएचपी फॉर्ममधील सगळाच मजकूर टाकून देते आणि फॉर्मवर तक्रारही दाखवत नाही, हे लक्षात यायला मध्यरात्र उलटली. त्या मर्यादा वाढवूनही फरक पडेना, कारण मी बदललेली सेटिंगची फाइल टर्मिनलमधून चालणाऱ्या पीएचपीची होती आणि वेबसाठी चालणाऱ्या पीएचपीची फाइल शेजारच्या फोल्डरमध्ये जशीच्या तशी बसून होती. टर्मिनल मला ६४ एमबी दाखवत होते, फॉर्म मात्र ८ वरच अडला होता. चूक अर्थातच माझी. दिवसा इतरांना हेच सांगून मी पैसे घेतो.

दुसरी गोष्ट क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप आदेश चालवणाऱ्या सोयीची. कॅस्टोपॉडची बरीच कामे पडद्यामागे दर मिनिटाला चालणाऱ्या एका आदेशावर अवलंबून आहेत. मार्गदर्शिकेतील ती एक ओळ मी ‘नंतर करू’ म्हणून सोडून दिली, आणि आठवडाभर माझ्या भागांच्या सूचना कोणाकडेच कशा जात नाहीत म्हणून नशिबाला बोल लावत राहिलो.

ध्वनिमुद्रणाचा कॅस्टोपॉडशी संबंध नाही. ते काम ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरचे. वैशाखात आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर असतो आणि पंखा बंद केला की मावशी दोन कडव्यांच्या पुढे बसत नाही, म्हणून पंखा चालू ठेवूनच मुद्रण करावे लागते. आरंभी दहा सेकंद कोणी न बोलता नुसत्या पंख्याचा आवाज घ्यायचा, त्याचा नमुना ‘नॉइज रिडक्शन’ला द्यायचा आणि शेवटी ध्वनिपातळी मोनोसाठी उणे १९ एलयूएफएसवर (कानाला जाणवणारा आवाज मोजण्याचे एकक) आणायची, एवढा माझा शिरस्ता आहे. गुणगुण पूर्ण पुसण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्यासोबत झोक्याच्या कडीचा करकर आवाजही जातो, आणि त्याच्याशिवाय हे गाणे खोलीत बसून म्हटल्यासारखे वाटते.

भाषेच्या बाबतीत थोडी खंत आहे, पण तिचा दोष या सॉफ्टवेअरला देता येत नाही. फीडला भाषेचा संकेत द्यावा लागतो आणि पॉडकास्टच्या सूच्या मुख्यतः दोन अक्षरी संकेतांवर चालतात. मराठीला ‘एमआर’ आहे. अहिराणीला आयएसओच्या यादीत ‘एएचआर’ हा तीन अक्षरी संकेत आहे, दोन अक्षरी नाही. त्यामुळे मावशीची अहिराणी जगापुढे मराठी म्हणून नोंदली गेली. लिखित संहितेचेही तेच. कॅस्टोपॉड प्रत्येक भागासोबत एसआरटी किंवा व्हीटीटी या उपशीर्षकांच्या स्वरूपातील संहिता आणि प्रकरणांची फाइल स्वीकारते, ही मला फार मोलाची सोय वाटते, कारण शहरात वाढलेल्या नातवंडांना ऐकताना शब्द समोर दिसतात. संहितेसाठी मी बोलणे ऐकून मजकूर लिहून देणारे व्हिस्पर वापरून पाहिले. त्याला मराठी येते, अहिराणी येत नाही. त्याने ‘शे’ (आहे) या क्रियापदाचे जागोजाग ‘शेत’ केले आणि झोक्याच्या गाण्यात विनाकारण शेती पिकवली. शेवटी कालमुद्रा तेवढ्या ठेवून शब्द हातानेच लिहिले. एका भागाला दोन संध्याकाळी लागतात.

आता ज्या सोयीसाठी मी बाकी सगळे सोसतो तिच्याविषयी. कॅस्टोपॉडमध्ये प्रत्येक पॉडकास्ट हे अ‍ॅक्टिव्हिटीपब या, वेगवेगळ्या सर्व्हरवरील खाती जोडणाऱ्या, खुल्या पद्धतीने चालणारे एक खातेच असते. ही पद्धत २०१८ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने मान्य केलेली आहे, आणि मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावरील कोणीही आपल्या तिथल्याच खात्यातून पॉडकास्टला अनुसरू शकतो व भागाला उत्तर देऊ शकतो. सुरतेत स्थायिक झालेल्या एका खान्देशी बाईंनी गौराईच्या गाण्याखाली त्यांच्या गावाकडचे, आमच्याकडे कोणाला ठाऊक नसलेले, एक जास्तीचे कडवे लिहून पाठवले. मी ते मावशीला फोनवर वाचून दाखवले तेव्हा ती आधी “हाई काय शे रे पोऱ्या?” म्हणाली, मग गप्प झाली, आणि नंतर तिने ते चालीत बसवून म्हटले. ते कडवे आता माझ्या डेटाबेसमध्ये, माझ्या सर्व्हरवर आहे. पूर्वीच्या सेवेवर अशी उत्तरे आली असती तर तीही खात्याबरोबरच गेली असती.

मग हे सर्वांनी घ्यावे का? माझ्या मते नाही. ज्याला महिन्यातून एक भाग काढायचा आहे आणि उत्तरा-प्रत्युत्तरांत रस नाही, त्याने ह्यूगोसारख्या साधनाने स्थिर पाने आणि फीडची एक फाइल तयार करावी. तिथे डेटाबेस नाही, क्रॉन नाही, आणि मध्यरात्री जागवणारी पीएचपीही नाही. मी स्वतः मधले काही महिने तसेच केले होते. त्यातही खाचखळगे आहेत : संकेतस्थळाची भाषा मराठी ठेवून फीडमध्ये दिनांकासाठी चुकीचे फंक्शन वापरले, तर वार आणि महिना मराठीत उमटतात, आणि पॉडकास्टच्या अ‍ॅपना ते इंग्रजी लघुरूपांतच लागतात. पण अशी चूक एकदा सुधारली की विषय संपतो. कॅस्टोपॉड मात्र घरातल्या गायीसारखे आहे, रोज थोडे बघावे लागते : नव्या आवृत्त्या येतात, त्या पीएचपीचीही नवी आवृत्ती मागतात, आणि चालू सर्व्हरवर एकच इतर काम असले तरी दोघांचे जमवणे आले.

खर्च माझ्यापुरता परवडणारा आहे. लहानसा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर, मला महिन्याला सुमारे ५०० रुपयांना पडतो आणि डोमेनचे वर्षाला वेगळे. अर्ध्या तासाचा भाग माझ्या दराने १४.४ एमबी होतो, म्हणजे शंभर भागांना दीड जीबीही लागत नाही. दोनशे जणांनी एक भाग उतरवला तरी तीन जीबीच्या आत वाहतूक होते. व्हिडिओ करणाऱ्यांनी हा हिशेब वापरू नये. आवृत्ती बदलण्यापूर्वी डेटाबेसची प्रत आणि ‘मीडिया’ फोल्डर, दोन्ही वेगळ्या जागी ठेवावे लागतात, कारण एकावाचून दुसऱ्याचा उपयोग नाही. माझी एक प्रत घरच्या संगणकावर आहे आणि एक पेनड्राइव्हवर, मावशीच्या फडताळात, तिच्या दागिन्यांच्या डब्यात.