मुलीच्या अ‍ॅप्टिट्यूड टेस्टला नऊ महिने झाले, आता लिहितो

गेल्या एप्रिलमध्ये, दहावीची परीक्षा संपल्यावर, मुलीची अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट, म्हणजे कशात किती क्षमता आहे ते बघणारी चाचणी, करून घेतली. आता जानेवारीत आमच्या सोलापूरची गड्डा यात्रा भरलीय, म्हणजे नऊ महिने उलटले. चाचणीच्या दुसऱ्याच दिवशी लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुक लिहिलं असतं. म्हणून थांबलो.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. मुलीचं सायन्समध्ये बरं चालायचं, बायॉलॉजी तर आवडीचं. त्यामुळे डॉक्टर करायचं हे घरात ठरल्यासारखंच होतं. मेहुणे म्हणत होते, "दाजी, दोन वर्षं लातूरला क्लासला टाका, मेडिकलची 'नीट' परीक्षा देऊ दे." अडचण एकच, गणित. पायऱ्या सगळ्या बरोबर आणि मध्येच वजाचं अधिक व्हायचं, ६९ चे ९६ व्हायचे. पाचवीपासून प्रगतिपुस्तकात एक शब्द ठरलेला: निष्काळजी. मीही तोच शब्द उचलला होता. "लक्ष कुठं असतं तुझं?" हे वाक्य तिनं माझ्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल याचा हिशेब नाही.

सुरुवातीला आम्ही चुकीच्या ठिकाणी गेलो. एका क्लासमध्ये दहा बोटांचे ठसे घेऊन "जन्मजात बुद्धिमत्ता" सांगणारी चाचणी होती. पैसे भरले, रंगीत फाइल मिळाली. घरी आल्यावर मुलगीच म्हणाली, "पप्पा, त्यांनी मला एक पण प्रश्न विचारला नाही." बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात तयार होतात आणि मरेपर्यंत तशाच राहतात. पोरीला आकडे जमतात की आकृत्या, हे त्यावरून कळेल असं मला कुठल्याही अंगानं पटत नाही. ते पैसे बुडाले ते बुडालेच. निदान तुम्ही तरी तिकडे जाऊ नका.

नंतर ओळखीतून एका मानसशास्त्राच्या समुपदेशक ताईंकडे गेलो. त्यांच्याकडची चाचणी डीएटीच्या, म्हणजे डिफरन्शियल अ‍ॅप्टिट्यूड टेस्टच्या धर्तीची. मूळ चाचणी अमेरिकेत १९४७ साली आली. शाब्दिक तर्क, संख्यात्मक क्षमता, आकृत्यांचा तर्क, यांत्रिक तर्क, अवकाशीय क्षमता (वस्तू मनातल्या मनात दुमडून-फिरवून बघणं), कारकुनी वेग आणि अचूकता, शिवाय भाषेचे दोन भाग, अशा तिच्या आठ उपचाचण्या. सगळ्यांची बेरीज करून एक आकडा द्यायचा नाही, प्रत्येक क्षमता वेगळी मोजायची, हा तिचा गाभा. सोबत आवडीची वेगळी प्रश्नावली होती. सकाळी दहाला बसली ती मध्ये जेवणाची सुट्टी धरून साडेतीनला उठली.

सरावाचे प्रश्न मलाही दाखवले. एका पानावर उलगडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्याची आकृती, काही भाग काळा केलेला. ते दुमडलं की शेजारच्या चार खोक्यांपैकी कुठलं होईल? मी बोटांनी हवेत घड्या घालत बसलो. तिनं एकदा बघितलं आणि पेन्सिल टेकवली. पुढच्या प्रश्नालाही तसंच. पंधरा वर्षं एका घरात राहून हे मला माहीतच नव्हतं.

आठवड्यानं अहवाल मिळाला. अवकाशीय क्षमता ९५ पर्सेंटाइल, यांत्रिक तर्क ९०, संख्यात्मक ६०, कारकुनी वेग आणि अचूकता २०. तो २० बघून आधी माझं तोंड उतरलं. ताईंनी समजावलं की हे टक्के नव्हेत, तिच्या वयाच्या शंभर मुलांत ती साधारण कुठं बसते ते आहे. कारकुनी चाचणीत अक्षरांच्या आणि आकड्यांच्या जोड्या भराभर जुळवायच्या असतात, विचार करायला जागाच नाही. मग त्यांनी तिची गणिताची वही मागवली. चूक दिसली की त्या पेन्सिलीनं गोल करायच्या. अकरा गोल झाले, त्यातले नऊ आकडा किंवा चिन्ह उतरवून घेतानाचे. रीत चुकल्याचे फक्त दोन. "हिला गणित कळतं. आकडे एका ओळीतून दुसऱ्या ओळीत नेताना सांडतात," असं त्या म्हणाल्या. मुलगी खाली बघत होती. मला तिथं काही बोलता आलं नाही. त्या दिवसापासून 'निष्काळजी' हा शब्द घरात कुणी वापरत नाही, आजीसुद्धा नाही.

बायॉलॉजीचंही तसंच झालं. ताईंनी विचारलं, त्यातलं नेमकं काय आवडतं? ती म्हणाली, हृदयाची, डोळ्याची आकृती काढायला. जर्नल उघडलं तर आकृत्या छापल्यासारख्या आणि खाली मजकूर दोन ओळींचा. ताईंनी बजावून सांगितलं, "डॉक्टर होऊ नको असं मी म्हणत नाहीये. आवड आणि क्षमता या दोन गोष्टी आहेत. दोन्ही समोर ठेवा आणि निर्णय तुम्ही घ्या." बोर्डानं २०१६ पासून दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली होती, ती माझ्या पुतण्यानं दिली होती. तेव्हा आम्ही कागद वाचला आणि मार्कलिस्टच्या मागे ठेवून दिला. कुणाशी बोलणंच झालं नाही, मग त्याचा उपयोग तरी काय होणार?

ताईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला कारखान्यातला माणूस म्हणून फार भिडली. १९२२ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत जॉन्सन ओ'कॉनर नावाच्या माणसानं कामगारांच्या चाचण्या सुरू केल्या, कुठल्या माणसाला कुठलं काम बसेल ते बघायला. त्यातली एक म्हणजे नागमोडी कापलेले नऊ लाकडी तुकडे जोडून ठोकळा उभा करणं. आमच्याकडेही हेच दिसतं. आमचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, फारसा शिकलेला नाही, पण माग बंद पडला की नुसतं बघून कुठला भाग हलला ते सांगतो. त्यालाच हजेरीचं रजिस्टर दिलं की घाम फुटतो.

लातूर रद्द झालं. तिनं पॉलिटेक्निकला मेकॅनिकल डिप्लोमा घेतला. मेहुण्यांनी दोन महिने अबोला धरला, तेही सोसलं. पहिल्या सत्रात इंजिनिअरिंग ड्रॉइंगला ती वर्गात पुढे आहे. वस्तू समोरून, वरून, बाजूनं कशी दिसेल ते काढायला बाकीच्या मुलांना वेळ लागतो, ती सरळ शीटवर रेघा ओढायला लागते. गणितात मात्र ४६ पडले. चाचणीमुळे गणित सुटलं असं कुणी समजू नये. ताईंनी सांगितल्याप्रमाणे ती ओळीखाली पट्टी धरते, प्रत्येक पायरीनंतर चिन्हावर बोट ठेवते. चुका कमी झाल्यात, पण त्यात वेळ जातो आणि पेपर अपुरा राहतो. वर्कशॉपमध्ये फायलिंगनं, म्हणजे कानशीनं लोखंड घासून, हाताला फोड आले तेव्हा एकदा रडलीही. डिप्लोमा योग्य होता का, हे तीन वर्षांनी कळेल.

तक्रारही नोंदवतो. चौदा पानांच्या अहवालात कामाची पानं चार. बाकी मागच्या पानांवर चाळीसेक करिअरची नावं, मरीन इंजिनिअरपासून इंटिरिअर डिझायनरपर्यंत, सगळ्यांना एकच छापलेली असावीत अशी. सोलापुरात राहून त्यातलं काय परवडेल, कुठं शिकता येईल, याबद्दल एक ओळ नाही. फी अडीच हजार घेतली. त्यातले दोन हजार ताई अहवालावर आमच्याशी दीड तास बोलल्या त्याचे होते असं मी धरतो. अहवाल मोबाइलवर पाठवून मोकळे होणारे असतील तर पैसे देऊ नका. चाचणीतले आकडे कुठल्या मुलांशी तुलना करून काढलेत, हेही आधी विचारा.

आणि भाषा विचारा. सोलापुरात हे फार महत्त्वाचं आहे. मुलीची मैत्रीण पूर्व भागातली, घरी तेलुगू, शाळा मराठी. तिनं दुसऱ्या एका ठिकाणी इंग्रजीतून चाचणी दिली होती. शाब्दिक तर्क ३० आला आणि "भाषेचे विषय टाळा" असा सल्ला मिळाला. पोरगी वक्तृत्व स्पर्धेत बक्षिसं घेणारी! आमच्या ताईंनी तिची तेवढीच चाचणी मराठीतून घेतली, तेव्हा ७५ आला. आकडे घेऊन बसलो तेव्हा तिची आई सोबत होती, विड्या वळते, मराठी जेमतेम. ताई मराठीत सांगायच्या आणि ती पोरगीच स्वतःचा अहवाल आईला तेलुगूत समजावून द्यायची. तासभर लागला. ती आता अकरावी आर्ट्सला आहे, वकिली करायची म्हणते.