मुद्दा क्रमांक तीन

दोन क्यूआर कोड शेजारी ठेवले तर ते वेगळे आहेत की एकच, हे नुसत्या डोळ्यांना सहज कळत नाही. ही अक्कल मला गेल्या मोसमात मैदानाच्या गेटबाहेर आली. तेव्हा माझ्यासकट अठ्ठावन्न माणसं रांगेत खोळंबली होती. एकूण २४,७०० रुपये गेले. त्यात माझे स्वतःचे साडेतीनशे, बाकी सगळे माझ्या शब्दावर विसंबलेल्यांचे.

आमचा समर्थकांचा ग्रुप जमला तो २०१८ च्या जूनमध्ये. भारताच्या फुटबॉल संघाचा तेव्हाचा कप्तान सुनील छेत्रीने व्हिडिओतून हात जोडले होते, शिव्या द्यायच्या तर द्या, पण मैदानावर येऊन द्या, असं काहीसं. दोन दिवसांनी अंधेरीला केनियाविरुद्धची मॅच होती, त्याची शंभरावी. तुफान पाऊस, स्टेडियम खच्चून भरलेलं, आपण ३-० जिंकलो, त्यातले दोन गोल त्याचे. त्या रात्री भिजत घरी जाताना आम्ही सातजणांनी व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. पुढे त्याची लिंक आम्ही कुठे कुठे टाकली नाही! फुटबॉलला माणसं मिळत नाहीत म्हणून रडणारे आम्ही, येणाऱ्याला तू कोण म्हणून कशाला विचारू? मेंबर चारशेच्या वर गेले. त्यातल्या निम्म्यांना मी आजही ओळखत नाही.

पुढे आम्ही एका क्लबच्या मागे उभे राहिलो. नाव लिहीत नाही, कारण पैसे क्लबने खाल्ले नाहीत. तक्रारी मात्र बऱ्याच होत्या. ऑनलाइन तिकीट काढूनही कधी कधी खिडकीवर कागदी तिकिटासाठी पुन्हा रांग. हजार माणसांना एकच गेट, तेही मॅचच्या तोंडावर उघडणार. हेल्मेट आत नेऊ देत नाहीत आणि ठेवायला जागाही नाही. पाण्याची बाटली गेटवर काढून घेतात आणि आत कपभर पाण्याला पैसे मोजा. ढोल कधी चालतो, कधी नाही, ते त्या दिवशीच्या सिक्युरिटीच्या मूडवर. क्लबला चार मेल पाठवल्यावर शेवटी बैठक मिळाली. आम्ही पाचजण, समोर त्यांचे दोघे, मध्ये सामोशांची प्लेट.

आमच्यातला एक पोरगा पूर्ण अभ्यास करून आला होता. २०१६ मध्ये इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबने एका स्टँडचं तिकीट ७७ पौंडांपर्यंत नेण्याची योजना काढली, तेव्हा हजारो प्रेक्षक सत्याहत्तराव्या मिनिटाला उठून बाहेर गेले आणि मालकांना माफी मागून ती मागे घ्यावी लागली, हे त्याने सांगितलं. २०१२-१३ पासून युएफाच्या, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या, परवान्यासाठी क्लबला समर्थकांशी बोलणारा एक माणूस नेमावाच लागतो, हेही. समोरच्या दोघांतले साहेब हसले. "आपल्याकडे सत्याहत्तराव्या मिनिटापर्यंत थांबतात तरी का लोक, ट्रेन पकडायची असते," म्हणाले. तसे ते माणूस म्हणून चांगले आहेत.

गट-तिकिटांचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, "तुमच्यासाठी वेगळा कोटा ठेवायचा विचार आहे. बघू." बैठकीचा वृत्तांत लिहायचं काम माझ्याकडे होतं. चार मेल आणि दीड महिन्याची वाट पाहून हाती फक्त 'बघू' लागलं, असं ग्रुपवर सांगायची मला लाज वाटली. म्हणून मी लिहिलं: मुद्दा क्र. ३, सवलतीच्या दरात १५० तिकिटांचा कोटा क्लबने मान्य केला. १५० हा आकडा आमच्या मागणीतला, 'मान्य' हा शब्द माझा. ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी पडले. मलाही बरं वाटलं.

नवव्या दिवशी मेसेज आला. डीपीला क्लबचं बोधचिन्ह, नावाच्या जागी 'तिकीट समन्वय'. "नमस्कार सर, आपल्या बैठकीतील मुद्दा क्र. ३ नुसार शनिवारच्या सामन्याची तिकिटं सवलतीच्या दरात राखून ठेवली आहेत. गुरुवारपर्यंत यादी व रक्कम द्यावी." माझेच शब्द, माझाच क्रमांक, आणि वर शुद्ध मराठी. संशय यायचं कारणच काय? आता कळतं, कारण तेच होतं. मुद्द्यांना क्रमांक मी घरी बसून घातले होते, क्लबकडे ते गेलेच नव्हते.

मी फोन केला. समोरचा माणूस अदबीने बोलला, मागे ऑफिसचा गलबला. पाचशेचं तिकीट साडेतीनशेला. बासष्ट नावं जमली, २१,७०० रुपये झाले. ढोल आणि झेंड्यांच्या परवानगीचं ३,००० रुपये डिपॉझिट, मॅचनंतर परत, तेही त्याने मागितलं. ढोलाचं रडगाणंही वृत्तांतात होतंच की! ते पैसे ग्रुपच्या वर्गणीतून दिले. यूपीआयवर पैसे टाकताना ॲपने खातेदाराचं नाव दाखवलं, कुणा एका माणसाचं, क्लबचं नव्हे. विचारलं तर म्हणाला, "सर, एजन्सीच्या मालकांचं खातं आहे." मी 'ओके' टाकलं आणि पिन दाबला. एवढ्या एका ठिकाणी थांबलो असतो तरी पुरे होतं. ॲप आपल्याला दाखवतं, आपणच वाचून पुढे जातो.

शुक्रवारी रात्री बासष्ट पीडीएफ आल्या. स्टँड, रांग, सीट नंबर सगळं वेगवेगळं. मी एकेक उघडून बघितली आणि ज्याची त्याला पाठवली.

शनिवारी ढोलवाल्यांना पुढे काढलं. चौघे होते. स्कॅनर चार वेळा हिरवा झाला आणि चौघे ढोल घेऊन आत गेले. पाचव्याला लाल. सहाव्याला लाल. गेटवरची मुलगी म्हणाली, "सर, हे आधीच वापरलंय." त्या भामट्याने चार तिकिटं खरी काढली होती आणि तेच चार कोड सीट नंबर बदलून बासष्ट कागदांवर चिकटवले होते. घरी फोनच्या कॅमेऱ्याने दोन-चार कोड स्कॅन करून बघितले असते तर तोच मजकूर पुन्हा पुन्हा आला असता. मिनिटाचं काम.

आतून आमचेच ढोल ऐकू येत होते. त्यांना काहीच पत्ता नव्हता. आमच्या बिल्डिंगची एकोणीस पोरं जर्सी घालून आली होती, त्यातला एक सारखा विचारत होता, "काका, आपले आत गेले ना, मग आपण कधी?" गेटच्या फटीतून समोरचा स्टँड दिसत होता, अर्ध्याहून अधिक रिकामा.

शेवटी बैठकीतले साहेब बाहेर आले. मी त्यांना मेसेज दाखवला, वृत्तांत दाखवला. त्यांनी तिसरा मुद्दा वाचला. "मी मान्य कधी केलं होतं?" एवढंच विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मध्यंतरानंतर त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर पोरांना आत सोडलं. मोठ्यांपैकी काहींनी खिडकीवर पाचशे भरले, बाकीचे स्टेशनकडे निघाले.

त्याच रात्री १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. बराच वेळ लागला, पण तक्रार नोंदली गेली आणि नंबर मिळाला. त्यांनी व्यवहाराचा यूटीआर क्रमांक मागितला, तो ॲपमध्ये मिळतो. दुसऱ्या दिवशी पोलीस स्टेशनला गेलो. तिथल्या मॅडमनी पहिलाच प्रश्न केला, पैसे कधी पाठवले? गुरुवारी. त्या गप्प झाल्या. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळवायला यांना वेळ लागत नाही, म्हणून फसलोय असं वाटलं की त्या तासाला फोन करायचा. फसल्याचं मला कळलंच तिसऱ्या दिवशी. तोवर पठ्ठ्याने चॅटमधले त्याचे अलीकडचे मेसेज 'सगळ्यांसाठी डिलीट' केले होते. ग्रुपवर फुशारकी मारायला एक स्क्रीनशॉट टाकला होता, तोच तक्रारीला उपयोगी पडला.

मी ही हकिकत सोशल मीडियावर लिहिली, तर दोन दिवसांत एक 'रिफंड विभाग' हजर! लिंक पाठवतो, पिन टाका, पैसे जमा होतील. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. तेवढं तरी तोवर शिकलो होतो.

बाबा मफतलाल, टाटा, महिंद्र या कंपन्यांच्या फुटबॉल संघांच्या काळातले. मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स कप ही फुटबॉल स्पर्धा बघत वाढले, कधी कधी ब्लॅकने तिकीट घेऊनसुद्धा. सगळं ऐकून म्हणाले, "आमच्या ब्लॅकवाल्याकडे तिकीट तरी खरं असायचं रे."

लोकांचे पैसे मी तीन महिन्यांत फेडले. काहींनी घेतले नाहीत. समोरच्या चाळीतल्या सावंतकाकांनी मात्र साडेतीनशे नीट मोजून घेतले आणि चहा पाजला. खरं सांगतो, मला त्यांचंच जास्त बरं वाटलं.

पावसाळ्यानंतर क्लबशी पुन्हा बैठक झाली. ग्रुपची उघडी लिंक आम्ही बंद केली आहे. गटाचं तिकीट निघालंच तर ज्याचं त्याने खिडकीवर पैसे भरून घ्यायचं, कुणाच्याही फोनवर पाठवायचे नाहीत, असं ठरलं. हेल्मेटसाठी गेटजवळ एक टेबल मिळालं. गेट आधी उघडण्याबद्दल साहेब म्हणाले, विचार चालू आहे.

वृत्तांत याही वेळी मीच लिहिला. आता तो ग्रुपवर जाण्याआधी त्यांच्याकडे जातो. साहेबांनी तिसरा मुद्दा दोनदा वाचला: 'गेट आधी उघडण्याचा विचार चालू आहे.' मग खाली सही केली.