लोआंगो, गॅबॉन : अरण्य अद्वितीय, व्यवस्था अजून अपुरी

मध्य आफ्रिकेतील गॅबॉन या देशाच्या अटलांटिक किनाऱ्यावरील लोआंगो राष्ट्रीय उद्यानात, खाजणाच्या काठी असलेल्या एका निवासात आम्ही दोघे जानेवारीअखेर पाच रात्री राहिलो. दाट अरण्य, गवताळ माळ आणि समुद्र तिथे एकमेकांना अगदी लागून आहेत. तिसऱ्या दिवशी पहाटे एक हत्तीण पिलाला घेऊन झाडीतून बाहेर पडली आणि लाटांच्या कडेने वाळूवरून बराच वेळ चालत राहिली; त्या वेळी किनाऱ्यावर आमच्याखेरीज एकही पर्यटक नव्हता. तांबूस रानम्हशी रोज दिसल्या, आणि एका रात्री अंडी घालून समुद्राकडे परतणारी लेदरबॅक कासवीण पाहायला मिळाली. केवळ निसर्गासाठी पाचपैकी पाच गुण द्यावेत, असे हे ठिकाण आहे.

सेवेला मात्र मी अडीचच देईन. राजधानी लिब्रव्हिलहून विमानाने पोर्ट-जांती, तिथून बोटीने ओंबुए आणि पुढे जीप, असा आमचा प्रवास होता. पहिलेच विमान रद्द झाल्याने आमचा एक दिवस गेला, तरी आयोजकांनी त्या रात्रीचे पैसे परत केले नाहीत. दर तर पूर्व आफ्रिकेतील नावाजलेल्या सफारींच्या तोडीचे आहेत. पर्यटक थोडे म्हणून विमाने थोडी, विमाने थोडी म्हणून खर्च जास्त, आणि खर्च जास्त म्हणून पर्यटक पुन्हा थोडेच, असे हे दुष्टचक्र आहे. खनिज तेलाच्या उत्पन्नावर चालणाऱ्या या देशात तत्कालीन राष्ट्राध्यक्ष ओमर बोंगो यांनी 2002 मध्ये 13 राष्ट्रीय उद्याने जाहीर केली आणि सुमारे 11 टक्के भूभाग राखला. तो निर्णय मोठा होता. परंतु त्याला साजेशी रस्त्यांची आणि वाहतुकीची सोय मागोमाग झाली नाही.

सर्वांत जास्त खटकले ते वेगळेच. आमचा वाटाड्या जवळच्या गावचा होता आणि मातीवरच्या खुणा वाचण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. गावातील केळी आणि कसावा हत्ती रात्रीत तुडवून जातात, आणि हत्तीला कायद्याचे संरक्षण असल्याने गावकऱ्यांना राखण करण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही, असे त्याने सांगितले. आमच्या ताटातील भाजी मात्र बाहेरून आलेली होती आणि व्यवस्थापकही बाहेरचेच होते. ज्यांच्या शेतातून हत्ती जातात, त्यांच्याकडून निदान मासळी आणि केळी तरी या निवासाने विकत घ्यावीत, असे मी तिथल्या अभिप्राय वहीत लिहून आलो.

जाणाऱ्यांनी कामापुरते फ्रेंच शिकून घ्यावे आणि सीएफए फ्रँक हे तिथले चलन रोख जवळ ठेवावे. पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान 10 दिवस आधी घ्यावी. तिच्या प्रमाणपत्राशिवाय परतल्यास भारतातही विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाआधी लिब्रव्हिलमध्ये दोन दिवस मोकळे ठेवावेत.